चार डब्यांची सूर्यचूल

सिंधूताई रामटेके नागपुरात सदर भागातल्या पोस्टात तिकिटांच्या खिडकीवर बसत. समोरचा माणूस गोड बोलतोय म्हणजे त्याला सुट्टे हवेत आणि आवाज चढवतोय म्हणजे त्याची मनीऑर्डर पोचलेली नाही, एवढं त्यांना नुसत्या चेहऱ्यावरून कळे. आपल्याला माणसं ओळखता येतात, असा त्यांचा समज होता. प्रतापनगरात भैय्याजींच्या घरी त्या भाड्याने राहायला गेल्या आणि तो समज गेला. तो कसा गेला हे सांगताना तोंड कडू होतं, पण सांगितलं पाहिजे.

वडील गिरणीत कामाला होते. छप्पन साली दसऱ्याला आईने, अंजनाबाईंनी, पांढरं लुगडं नेसून सिंधूला हाताला धरून दीक्षेला नेलं. पुढे मॅट्रिक झाली, पोस्टाची परीक्षा झाली, नोकरी लागली. वडील गेल्यावर पाठच्या दोघा भावांचं शिक्षण तिच्या पगारावर झालं, आणि त्या धावपळीत लग्नाचं वय कधी निघून गेलं ते तिचं तिलाही कळलं नाही. भाऊ नोकऱ्या धरून एक भिलाईला गेला, एक भुसावळला. आई तेवढी सिंधूताईंकडे राहिली.

मायलेकी वाडीला राहत. अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे त्यांची खोली होती. दिवसभर ट्रक मागे-पुढे होत, पोती आपटत, आणि धूळ-धुराचा थर भांड्यांवर बसे तसा अंजनाबाईंच्या छातीतही बसे. त्यांना दमा जडला. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि वर सांगितलं, जागा बदला. औषध दुकानात मिळालं, जागा मिळेना. पोस्ट सुटलं की सिंधूताई वस्त्या पालथ्या घालत. खोल्या पसंत पडत, भाडं जमे, घरमालकीण चहा विचारे आणि मग हळूच म्हणे, "आडनाव सांगितलं नाही तुम्ही." आडनाव सांगितलं की ती खोली कालच कोणाला तरी दिलेली निघे. एका गृहस्थांनी तर ती पुण्याच्या भाच्यासाठी राखली होती, आणि भाच्याला अजून दात यायचे होते.

म्हणून भैय्याजींचं त्यांना एवढं अप्रूप वाटलं. भैय्याजी पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले, प्रतापनगरात दुमजली घर बांधलेले. आडनाव ऐकून ते म्हणाले, "रामटेके का? असो ना. मी असलं काही मानत नाही. मले भाडं वेळेवर पाहिजे अन् लाईट जपून पाहिजे. बाकी कोनाचं काय असन ते असन." सिंधूताईंना वाटलं, वाळवंटात विहीर लागली.

लाईट जपून का, तर घराला मीटर एकच होतं. खाली भैय्याजी आणि त्यांच्या पत्नी जिजाबाई, खालच्याच मागच्या भागात वच्छला आणि तिचा बँकेतला नवरा, वर प्रमोदिनीचा संसार आणि तिच्या शेजारच्या दोन खोल्यांत आता सिंधूताई. भाड्यातच वीज धरलेली, म्हणून भैय्याजींचा सगळा जीव त्या मीटरमध्ये अडकलेला. चमडी गेली तरी चालेल, दमडी जाता कामा नये, अशातला हा माणूस. गॅससाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत होते, तेव्हा घरोघर कॉइलचा हीटर असे. भैय्याजींचा हुकूम होता की हीटर सकाळी एकदाच लावायचा, बाकी स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर. हुकूम पाळला जातो की नाही हे पाहायला ते कोणाच्याही स्वयंपाकघरात खाकरत शिरत. उन्हाळ्यात कूलरची मोटर बंद करून वाळ्याच्या नुसत्या ओल्या ताटीसमोर बसावं, तेवढ्यानेही गारवा येतो, असं ते घाम पुसत पुसत सांगत.

आणि नागपूरचं ऊन त्यांच्या डोळ्यांत खुपे. ताप होतो म्हणून नव्हे, वाया जातं म्हणून. "एवढं फुकटचं ऊन रोज गच्चीवर पडून राहिलं," ते म्हणत, "अन् आपण खाली इलेक्ट्रिकले पैसे मोजून राहिलो. मूर्ख आहोत आपण."

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये ते एका सरकारी प्रदर्शनातून सूर्यचूल घेऊन आले. सरकार सूट देत होतं, आणि सूट म्हटली की भैय्याजी विषाची बाटलीही आणतील. चौकोनी पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच, आणि काचेवर ऊन फेकायला झाकणाला लावलेला आरसा. आत काळे चार डबे, प्रत्येकात दोन कप्पे. डाळ-तांदूळ पाणी घालून सकाळी ठेवायचे, पेटी मधून मधून सूर्याकडे वळवायची, जेवणाच्या वेळेला शिजलेलं काढायचं. चार डबे आणि घरात चार बिऱ्हाडं. भैय्याजींना त्यात देवाची योजना दिसली. त्यांनी सगळ्यांना गच्चीवर बोलावून जाहीर केलं की आजपासून हीटर बंद, प्रत्येकीचा एक डबा, आणि जी डबा ठेवणार नाही तिचं भाडं वाढेल.

पहिल्या दिवशी भात खरंच शिजला तेव्हा अंजनाबाई पेटीकडे बघतच राहिल्या. त्यांना भाताचं फारसं काही वाटलं नव्हतं. त्या खाली येऊन लेकीला म्हणाल्या, "चार घरचं एका काचेखाली शिजते वं सिंधू. मी जन्मात पाहिलं नव्हतं." सिंधूताईंनी ते पोस्टात सगळ्यांना सांगितलं. विजेचं काय व्हायचं ते होवो, त्यांना त्या पेटीचा वेगळाच अभिमान वाटू लागला. आईला शनिवारी अंडाकरी आवडे. सिंधूताईंनी घरात अंडी आणणंच बंद केलं. सगळ्यांची पेटी आहे, कोणाला वास आवडणार नाही, आपण समजून वागावं, असं त्यांनी आईला समजावलं. आईने ऐकलं. छाती मोकळी झाली होती, रात्री झोप लागत होती, अंड्यावाचून तिचं अडत नव्हतं.

आठवडा झाला असेल नसेल, अंजनाबाईंनी चुकून वच्छलाचा डबा उचलून आणला आणि त्यांचा वच्छलाकडे गेला. डबे सारखेच काळे. दोन्ही घरी जेवणं झाल्यावर लक्षात आलं, कारण वच्छला वरणात हिंग जास्त घालत असे. अंजनाबाई ओशाळून सांगायला खाली गेल्या. वच्छला छान हसली. "होते वं मावशी. काळे डबे, कोनता कोनाचा कसं कळन?" दुसऱ्या दिवशी भैय्याजींनी डब्यांवर पांढऱ्या रंगाने नावं घातली. सिंधूताई म्हणाल्या, माणूस चिक्कू असला तरी शिस्तीचा आहे.

त्यानंतर तर शेजारणी जास्तच गोड झाल्या. अंजनाबाई पेटीची काच पुसायला गेल्या की प्रमोदिनी फडकं काढून घेई, "मावशी, उन्हात तुमाले त्रास होते, राहू द्या." वच्छला म्हणे, "सिंधूताई, तुम्हाले ऑफिस असते, तुमचा डबा आधी ठेवून द्या, आम्ही मागून ठेवू." जिजाबाई तर स्वतःहून मायलेकींचा डबा पेटीच्या कोपऱ्यात हवा त्या जागी सरकवून ठेवायला सांगत. सिंधूताई रोज बसमध्ये बसताना मनाशी म्हणत, अशी माणसं भेटायला नशीब लागतं. पोस्टाच्या खिडकीतून माणसं वाचणारी बाई, पण सुखाची भूक लागली की शहाणी माणसंही पुढ्यात येईल ते गिळतात.

एप्रिलचं बिल आलं ते मार्चपेक्षा मोठं. भैय्याजी म्हणाले, कूलर सुरू झाले. मेचं बिल आलं ते कूलर धरूनही एवढं मोठं होतं की ते हातात घेऊन भैय्याजी ओट्यावर बसलेच. चूल गच्चीवर गेल्यापासून त्यांनी स्वयंपाकघरांतली गस्त बंद केली होती. चारही डबे रोज पेटीत दिसत, रोज रिकामे होत. स्वतःच्या ताटातलं वरण तर ते रोज पहिल्या घासाला डोळे मिटून खात आणि म्हणत, "सूर्यावर शिजलेल्याची चवच न्यारी." मग वीज खाते कोण? घरात नवीन आलं होतं कोण?

ते वर आले तेव्हा सिंधूताई नुकत्याच पोस्टातून येऊन पाणी पीत होत्या. भैय्याजी चपला न काढता आत शिरले. त्यांनी ओट्याखाली पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, अंजनाबाईंच्या लुगड्यांची पेटी उघडून तिच्यात हात घातला. हीटर नव्हताच, तो सिंधूताईंनी मार्चमध्येच विकून टाकला होता.

"लपवला असन कुठं," भैय्याजी म्हणाले. "बाई, मी तुम्हाले जागा दिली, कोनी देत नव्हतं तवा दिली. तुम्ही आल्यापासून बिल वाढलं. महिना संपला की खोल्या खाली करा."

"भैय्याजी, आमच्याकडे हीटर नाही. आम्ही गच्चीवरचंच खातो, भाकरी स्टोव्हवर करतो."

"मग बाकीच्या काय खोटं बोलून राहिल्या? वर्षानुवर्षं राहून राहिल्या त्या इथं."

त्या रात्री अंजनाबाईंनी फक्त एवढंच विचारलं, की आता पुन्हा वाडीला जावं लागेल का. सिंधूताई नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीपासून पोस्ट सुटलं की त्या पुन्हा वस्त्यांमधून हिंडू लागल्या, आणि पुन्हा जिथे तिथे आडनाव आडवं आलं.

अशाच एका दिवशी उन्हाने डोकं धरलं म्हणून त्या अर्धी रजा टाकून दुपारी घरी आल्या. पुढचं फाटक लावलेलं होतं, म्हणून मागच्या बोळातून आल्या. मागच्या भिंतीशी एक गाय उभी होती, रोज त्या वेळेला असते तशी. वच्छला तिच्यापुढच्या टोपल्यात डबा उपडा करत होती. पांढरा मऊ भात, त्यावर पिवळं घट्ट वरण. डब्यावर पांढऱ्या रंगाने वच्छलाचं नाव. शेजारी प्रमोदिनी तिचा डबा घेऊन आपली पाळी यायची वाट पाहत उभी होती, नळावर पाणी भरायला थांबावं तशी.

सिंधूताईंना आधी वाटलं, आज शिजलं नसेल. पण भात दिसत होता, एकेक शीत फुललेलं. आणि वच्छलाच्या उघड्या दारातून आतला ओटा दिसत होता. ओट्यावर हीटरची कॉइल लालबुंद झाली होती आणि तिच्यावर वरणाचं पातेलं उकळत होतं. स्टोव्ह लावला असता तर त्याची घरघर भैय्याजींना ऐकू गेली असती. हीटरला आवाज नसतो.

"रोज करता हे?" सिंधूताईंनी विचारलं.

प्रमोदिनी डबा पदराखाली घेऊन जिन्याकडे गेली. वच्छलाला जायला जागा नव्हती.

"माझं काही नाही वं सिंधूताई," ती म्हणाली. "मी नाही मानत. पण सासूबाई गावावरून येतात, त्यांले कळलं तर… आणि यांचंही जरा तसं आहे. त्या दिवशी डबा बदलला ना, तवापासून यांनी ते घेतलंच नाही. मीच म्हटलं, वाद कशाले करा, ठेवायचा डबा आन् द्यायचं गायीले. कोनाचं मन दुखवायचं नाही आपल्याले."

"प्रमोदिनीच्याही सासूबाई गावी आहेत का?"

वच्छलाने मान खाली घातली. मग जणू तेवढ्याने आपला भार हलका होईल म्हणून तिने सांगून टाकलं, "जिजाबाई बी देतात गायीले."

सिंधूताई नळापाशी गेल्या आणि त्यांनी तोंडावर पाणी मारलं. अपमान त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते, ते तोंडावर होत आणि त्यांना तोंड देता येई. हे काही वेगळंच होतं. काच पुसू न देणारे ते हात, डबा आधी ठेवायला सांगणारी ती जीभ, नावं घालून घेतलेले डबे, आणि ज्यांच्यासाठी आपण म्हाताऱ्या आईची अंडी बंद केली त्या या बाया. तोंडात साखर आणि पोटात हे. एखादं गोड फळ अर्धं खाऊन झाल्यावर आत अळी दिसावी, तशी त्यांना शिसारी आली. आणि सगळ्यांत जास्त शिसारी आली ती स्वतःच्या त्या रोजच्या बसमधल्या समाधानाची.

पण खोल्या जायच्या होत्या, आणि त्या कोणाच्या पापाने जात होत्या हे आता त्यांना कळलं होतं. त्या तशाच पुढच्या अंगणातून भैय्याजींच्या पडवीत गेल्या. अंजनाबाई लेकीचा आवाज ऐकून जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

भैय्याजी पाटावर जेवायला बसले होते, जिजाबाई वाढत होत्या.

"भैय्याजी, तुमची वीज कोण खातं ते सांगायला आले," सिंधूताई म्हणाल्या. "तीन घरांत रोज हीटर लागतात. गच्चीवरचा वरण-भात मागच्या बोळात गाय खाते. आमच्या डब्याशेजारी शिजलेलं यांना चालत नाही. आत्ता जाऊन पाहा, टोपलं अजून भरलेलं आहे."

"तीन घरांत?" भैय्याजी म्हणाले. "दोन म्हणा. माझ्या घरी तर मी रोज गच्चीवरचंच…"

ते बोलता बोलता थांबले आणि त्यांनी जिजाबाईंकडे पाहिलं.

"काय बोलून राहिले तुम्ही," जिजाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, नवऱ्याने आपल्यावर असा संशय घ्यावा याचा राग होता. "मी काय तुमच्या ताटात तसलं वाढीन? पहिल्या दिवसापासून तुमचं मी खालीच शिजवते."

भैय्याजींचा हात वरणात तसाच राहिला. सिंधूताईंना वाटलं, आता हा माणूस ताट भिरकावणार. ज्या मीटरपायी त्याने एका म्हातारीच्या लुगड्यांत हात घातला, ते मीटर त्याच्या स्वतःच्या ओट्यावरून फिरत होतं. सूर्याची चव म्हणून तो मार्चपासून हीटरचं वरण चाटत होता. निदान पैसा गेला म्हणून तरी तो ओरडेल.

भैय्याजींनी ताटाकडे पाहिलं. मग छातीवरचं ओझं उतरावं तसा त्यांनी श्वास सोडला आणि बायकोला हळूच म्हणाले, "बरं केलं."

भैय्याजींना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ते लगेच घाईने पुढे बोलू लागले. "बाई, तुमचा दोष नव्हता, मी मोकळ्या मनानं सांगतो. खोल्या बिल्कुल खाली करू नका. बिलाचं मी पाहून घेईन, लावू दे बायांले हीटर. आन् ती सूर्यचूल तुम्हीच वापरा, चारही डबे तुमचे. एक पैसा मागणार नाही मी."

ज्या माणसाने आयुष्यात कोणाला काडेपेटीतली काडी दिली नव्हती, तो एकदम उदार झाला होता. तीन हीटर दिवसभर पेटले तरी आता त्याची ना नव्हती. खोल्या राहिल्या होत्या, भाडं तेच, वर चूल फुकट. सिंधूताईंनी मागे वळून आईकडे पाहिलं. त्यांचं स्वतःचं उत्तर तयार होतं, पण ते द्यायचा त्यांना हक्क नव्हता. या घरातली हवा आईसाठी होती.

अंजनाबाई दोन पायऱ्या उतरल्या. "चाल वं सिंधू," त्या म्हणाल्या. "बांधू सामान. वाडीची खोली अजून रिकामी असन."

"आई, तिथं तुला दम लागतो."

"लागू दे. तिथं खोकला येते. इथं ओकारी येऊन राहिली मले."

सामान फार नव्हतंच. दोन सायकलरिक्षांत ते मावलं. वच्छला आणि प्रमोदिनी आपापल्या खिडकीत होत्या आणि दोघींचेही डोळे ओले दिसत होते, ते काय म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. भैय्याजी फाटकापर्यंत पोचवायला आले. ते खरोखर हिरमुसले होते. इतकं केल्यावरही ही माणसं का जातात, हे त्यांना उमगत नव्हतं.

"बाई, एक खरं सांगा," ते म्हणाले. "या घरात तुम्हाले कोनी एक शब्द तरी वावगा बोललं?"

सिंधूताईंनी मनातल्या मनात सगळे दिवस चाचपून पाहिले.

"नाही," त्या म्हणाल्या. "कोणी नाही."

"मग झालं तर," भैय्याजी म्हणाले, आणि समाधानाने बाजूला होऊन त्यांनी रिक्षावाल्याला वाट करून दिली.